मुंबई मॅरेथॉन: पहिल्या पाच किलोमीटरची गर्दी, पेडर रोडचा चढ आणि ४:४६

आधी आकडे देते, कारण तुम्ही मंडळी तेच आधी शोधणार. ५ किमी ३६:००, १० किमी १:०९:३०, अर्धं अंतर २:२२, ३० किमी ३:२१, ३५ किमी ३:५६ आणि शेवट ४:४६, म्हणजे चार तास सेहेचाळीस मिनिटं. मागच्या जानेवारीत याच मार्गावर पहिला अर्धा भाग २:१६ मध्ये झाला होता आणि दुसरा २:४७ मध्ये. म्हणजे यंदा पहिल्या अर्ध्यात सहा मिनिटं जास्त घेतली आणि एकूण वेळ सतरा मिनिटांनी उतरला.

ही सतरा मिनिटं कुठून आली याचा विचार शर्यत संपल्यापासून चालू आहे. घाटातला सराव, पळताना खायचं ऊर्जेचं जेल, झोप या सगळ्याचा वाटा आहेच. पण माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा गर्दीचा. पळणाऱ्यांच्या गर्दीतून पहिल्या पाच किलोमीटरांत वाट काढत बसले नाही, आणि पस्तीसनंतर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीकडून मिळेल ते सगळं घेतलं.

सरावाबद्दल थोडक्यात, मागच्या नोंदींमध्ये बरंच लिहून झालं आहे. पावसाळाभर रविवारी ठाण्यात उपवनपासून येऊर गावापर्यंतचा चढ. सप्टेंबरात साताऱ्याची हिल मॅरेथॉन, यवतेश्वरचा घाट चढून परत उतरण्यासाठी. (माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांनी मुंबईत भारतीय महिलांमध्ये ओळीने तीन वर्षं पहिला नंबर काढला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धडक मारली. साताऱ्यात पळताना ही गोष्ट कुणीतरी सांगतंच, आणि मला ती दर वेळी नव्याने ऐकायला आवडते.) नोव्हेंबर-डिसेंबरात लाँग रनचे शेवटचे आठ किलोमीटर शर्यतीच्या पेसने, म्हणजे शर्यतीत किलोमीटरमागे जितका वेळ घ्यायचा तितक्यात. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट आणि एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम. या शेवटच्या व्यायामाला कुणी कमी लेखू नका. पेडर रोडवर पोटरीत गोळा आला नाही, त्याचं श्रेय मी त्याला देते.

आता शर्यतीची पहाट. मध्य रेल्वे त्या रात्री पळणाऱ्यांसाठी जादा लोकल सोडते. ठाण्याहून चढले तेव्हा डब्यात बिब (छातीवरचा नंबर) लावलेली माणसं, केळ्यांचा वास आणि मलमांचा वास. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर आझाद मैदानाकडे जायचं आणि आपल्या गटात उभं राहायचं. इथे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बिबमध्ये चिप असते आणि तुमचा वेळ सुरुवातीच्या मॅटवर पाय पडल्यापासून मोजला जातो. बंदूक वाजल्यावर रेषेपर्यंत पोहोचायला मला सहा मिनिटं लागली. ती माझ्या वेळात धरलेली नाहीत. तरी दर वर्षी लोक त्या मिनिटांची भरपाई फ्लोरा फाउंटन यायच्या आत करायला निघतात.

सुरुवातीचा एक-दीड किलोमीटर पळणं असं नसतंच. कोपर कोपराला लागतं, समोरचा अचानक थांबून बुटाची लेस बांधतो, कुणी मित्राबरोबर फोटो काढतो. जागा दिसली की त्यात शिरायचा मोह होतो. पण असं डावी-उजवीकडे घुसत गेलं की दोन प्रकारे खर्च होतो. एक म्हणजे अंतर वाढतं. मॅरेथॉनचा मार्ग सायकलला लावलेल्या यंत्राने मोजतात आणि तो वळणांच्या आतल्या बाजूने, सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात. त्या रेषेपासून जितके भरकटाल तितकं ४२.१९५ च्या वर पळाल. दुसरा खर्च जास्त महाग आहे. प्रत्येक वेळी थांबून पुन्हा वेग घेण्यात स्नायूंमधली साखर जळते, आणि ती नंतर हवी असते.

म्हणून मी या वेळी पावलं लहान केली, हात छातीजवळ घेतले आणि पाऊण तासाच्या आत घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून टाकलं. जीपीएसचं घड्याळ उंच इमारतींमधून तसंही दगा देतं. मरीन ड्राइव्हला रस्ता मोकळा झाला तेव्हा माझ्या आजूबाजूचे बरेच जण आधीच धापा टाकत होते आणि माझा श्वास नाकाने चालू होता. पाच किलोमीटरला ३६ मिनिटं म्हणजे ठरवलेल्या पेसपेक्षा दोन-अडीच मिनिटं मागे. ती पुढच्या सोळा किलोमीटरांत थोडीथोडी परत घेतली, आणि तीही पूर्ण नाहीत.

वांद्रे-वरळी सागरी सेतूबद्दल वेगळं लिहायला हवं. साडेपाच किलोमीटरांहून थोडा जास्त हा पट्टा, आणि त्यावर बघे नसतात. ढोल नाही, संत्र्याच्या फोडी नाहीत, नावाने हाक मारणारं कुणी नाही. नुसता हजारो बुटांचा आवाज आणि वारा. अंधार हळूहळू फिटत असतो आणि केबलचे ते दोन उंच मनोरे जवळ यायला फार वेळ घेतात. नवीन पळणाऱ्यांना इथे कंटाळा येतो असं ऐकते. मला हा पट्टा फार मोलाचा वाटतो, कारण शरीर काय म्हणतंय ते नीट ऐकू येण्याची मार्गावरची ही एकच जागा. मी इथे पायापासून सुरुवात करून वरपर्यंत तपासणी करते: तळवे, घोटे, पोटऱ्या, गुडघे, कंबर, खांदे. कुठे काय लागतंय ते लक्षात ठेवते, म्हणजे तिसाव्या किलोमीटरला जे दुखेल ते नवीन की जुनं, हे कळतं. या वेळी यादीत एकच गोष्ट होती, डाव्या तळव्याला घासणारा मोज्याचा काठ.

उतरल्यावर वांद्रे, मग माहीम, आणि माहीमला गर्दी पुन्हा अंगावर आली. साडेसातच्या आसपासची वेळ, लहान मुलं हात पुढे करून उभी, एक आजी खुर्ची टाकून स्टीलच्या डब्यातून चिक्की वाटत होत्या. शिवाजी पार्कच्या बाजूने वीर सावरकर मार्गावर ढोल-ताशा. इथे सांभाळावं लागतं. टाळ्या वाजल्या की पाय आपोआप वेग घेतात, आणि पंचविसाव्या किलोमीटरला तो वेग परवडत नाही. मी रस्त्याच्या मधून पळले आणि हात हलवून सगळ्यांचे आभार मानले. कडेला गेले नाही. कडेची माणसं पुढे लागणार होती.

प्रभादेवीच्या पुढे एक तरुण दुभाजकावर बसला होता. ऊन वर आलं होतं, सगळे घामाने निथळत होते आणि त्याच्या दंडावर काटा आला होता. थंडी वाजतेय म्हणाला. मी आणि अजून एक काका थांबलो, स्वयंसेवकाला हाक मारली, त्याला सावलीत घेतलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत उभे राहिलो. तिसाव्या आणि पस्तिसाव्या किलोमीटरमधल्या पेसमध्ये हा थांबा दिसतो, आणि तो तसाच दिसू दे. मुंबईत जानेवारीतही हवेत दमटपणा असतो. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. उन्हात काटा येणं, घाम थांबणं, गरगरणं, छातीत दुखणं यांतलं काहीही झालं की शर्यत तिथेच संपली समजा. त्यातून रेटून जायचं नसतं.

मग रेटायचं कशातून? माझी कसोटी साधी आहे. दोन्ही पायांना सारखं, पसरलेलं दुखत असेल तर तो थकवा, त्यातून जाता येतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं टोचतं असेल आणि त्यामुळे पाऊल वाकडं पडायला लागलं असेल, तर ती इजा. पहिल्या दुखण्यात पुढे जायचं, दुसऱ्यात थांबायचं. आणि हे ओळखता यावं म्हणून शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊ नका. एक तर ती इशाराच बंद करते, शिवाय शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

पस्तीसला जी वॉल लागते, म्हणजे अंगातला साठा संपून पाय अडतात, तिचं गणितही सांगून ठेवते. पळताना किलोमीटरमागे साधारण आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी जळतात. माझं वजन ५८, म्हणजे पूर्ण अंतराला चोवीसशेच्या आसपास. यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरींची. चरबीही जळत असते, पण ती हळू जळते आणि वेग मागितला की पुरी पडत नाही. हा फरक वाटेत खाऊन भरायचा. मी दर चाळीस मिनिटांनी एक जेल घेतलं आणि तिसानंतर जेल नकोसं झालं तेव्हा खजूर. पाणी मात्र प्रत्येक टेबलावर घोट-दोन घोट, सोबत मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं.

हाजी अली मागे पडलं आणि पेडर रोड आला. कागदावर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, पण पळणारा त्याला पेडर रोडच म्हणतो आणि आवाज खाली आणून म्हणतो. जाताना पहाटे हा चढ जाणवतही नाही. परत येताना तो छत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास उभा असतो, डोक्यावर ऊन असतं, आणि आजूबाजूचे निम्मे लोक चालत असतात. चालणाऱ्यांमध्ये पळत राहणं फार अवघड, कारण थांबायला कुणाची परवानगी लागत नाही असं वाटायला लागतं. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. दोन्ही सारख्याच, म्हणून पुढे जायचं.

इथे मी कडेला गेले. पेडर रोडची माणसं दर वर्षी घरून सामान घेऊन उतरतात: मिठाच्या पुड्या, संत्री, बर्फ, बिस्किटं, लिंबू सरबत, दुखऱ्या पायांवर मारायचा स्प्रे. एका काकूंनी बर्फाचे खडे दिले, ते मी टोपीत टाकले. शाळकरी मुलाने बिबवरचं माझं नाव वाचून पुढे "मावशी" जोडलं आणि चढाच्या मध्यापर्यंत फुटपाथवरून बरोबर पळत आला. "मावशी, त्या खांबापर्यंत." खांब आला. "आता त्या लाल गाडीपर्यंत." मी त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले, बोलायला श्वास नव्हता. पूर्ण चढ माझ्या डोक्यात मावत नव्हता, खांबापर्यंतचा मावत होता.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या आणि स्वयंसेवकांनी आम्हाला एका बाजूला घेतलं. सव्वासातनंतर सुटलेले एलिट, म्हणजे जिंकण्यासाठी उतरलेले अव्वल धावपटू आम्हाला गाठत होते. पहाटे पाचच्या सुमारास निघालेल्यांना जे पेडर रोडवर दिसतं ते टीव्हीवर कधीच कळत नाही. चार-पाच जणांचा तो गट त्याच चढावर किलोमीटरला तीन मिनिटांच्या आसपासच्या वेगाने गेला. पावलांचा आवाज जवळजवळ नाही, खांदे स्थिर, चेहऱ्यावर मात्र तीच ओढ जी माझ्या शेजारच्याच्या चेहऱ्यावर होती. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने या मार्गावर २:०७:३२ चा विक्रम केला. तो आकडा मला पाठ होता, पण तो वेग म्हणजे काय हे दोन हातांवरून बघितल्यावर कळलं. चालणारे सगळे थांबून टाळ्या वाजवत होते, आणि गट गेल्यावर त्यांतले कितीतरी जण पुन्हा पळायला लागले. मीही त्यांच्यात होते.

केम्प्स कॉर्नरचा उतार चढापेक्षा जास्त दुखला. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच वजन पेलावं लागतं, त्याने ते फाटल्यासारखे होतात. साताऱ्याचा घाट इथे उपयोगी पडला: पावलं छोटी, कंबर किंचित पुढे, टाचेने ब्रेक लावायचा नाही. अडतिसाव्याला चौपाटी.

मरीन ड्राइव्हची वळणदार किनार चौपाटीवरून सबंध दिसते आणि त्यामुळे ती संपत नाही. सावली नाही. ४:४५ च्या पेसरची बस, म्हणजे तेवढ्या वेळात पोहोचवणारा धावपटू आणि त्याच्यामागचा घोळका, मला इथे दिसली, माझ्यापुढे साधारण दोनशे मीटर. ती गाठायची नाही, फक्त नजरेतून सुटू द्यायची नाही, एवढंच ठरवलं. शेवटच्या वळणांवर चर्चगेटपासून लोक दोन्ही बाजूंनी इतके दाटीवाटीने उभे होते की रस्ता अरुंद वाटत होता. शेवटचे सातएक किलोमीटर किलोमीटरला सात मिनिटांच्या किंचित आत झाले. मागच्या वर्षी याच तुकड्यात बराचसा भाग चालत काढला होता. माझ्यासाठी या शर्यतीतला सगळ्यात आनंदाचा आकडा हा आहे, ४:४६ त्याच्यानंतर.

नंतरचं थोडं. रेषा ओलांडल्यावर बसले नाही, पंधरा मिनिटं चालत राहिले. मीठ घातलेलं ताक, मग केळं, मग घरी आल्यावर वरण-भात. सोमवारी आणि मंगळवारी जिने उलट्या बाजूने, कठडा धरून उतरले. डाव्या तळव्याचा फोड फोडला नाही. गुडघ्यात टोचणारं काही नाही. पहिले दहा दिवस फक्त चालणं आणि सायकल, त्यानंतर सपाटीवर हलके पाच किलोमीटर, चढ आणि वेग फेब्रुवारी संपल्यावर.

पुढच्या वर्षीचं लक्ष्य ४:३५ ठेवते आहे आणि पहिल्या पाचसाठी तेव्हाही ३५ मिनिटं धरणार आहे. ज्यांनी यंदा मुंबई केली त्यांनी आपला १०, २१ आणि ३५ चा स्प्लिट (तिथपर्यंतचा वेळ) सांगा, विशेषतः मागच्या गटातून सुटलेल्यांनी. पेडर रोडवर पळत राहिलेल्यांनी पहिले पाच किती सावकाश काढले होते, ते मला पडताळून बघायचं आहे.