दोन झाडांमधलं अंतर

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट स्टीफन्सला आज एक कोआला निलगिरीवरून उतरला. नखं खोडात रुतवत, पाठमोरा. मग चार पायांवर डुलत पलीकडच्या झाडाकडे निघाला.

सोबतचा मित्र म्हणाला, "काय आळशी प्राणी आहे रे!"

मला ते लागलं. निलगिरीच्या पानांत पोषण जेमतेम, वर विषारी द्रव्यं. ती पचवण्यासाठी पोटात जवळजवळ २ मीटरचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा पिशवीसारखा भाग) आणि दिवसाचे १८-२० तास विश्रांती लागते. कडक उन्हात तो खोडाला बिलगतो, तेही अंग गार ठेवायला!

जमिनीवर उतरला की मात्र गाड्या आणि कुत्रे. झाडं तुटतात तसं हे चालणं वाढतं. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये २०२२ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे.

अजून किती लांब चालायला लावणार आहोत आपण त्याला?