तुम्ही विचारलंत म्हणून: बोटं बधिर असताना पिशवी

"केमोत बोटं बधिर झाली होती, मग पोटावरची पिशवी एकटीने कशी बदलत होता?" विचारणारी बहुतेक वेळा मुलगी किंवा सून असते. आईचं पहिलं सलाईन पुढच्या आठवड्यात असतं.

खरं सांगू? एकटीने नव्हतेच बदलत. बाथरूममध्ये एकटी असायचे, पण बोटांची कामं आधीच कुणीतरी करून ठेवलेली असायची.

मी मिरजेजवळ राहते, ब्लाउज शिवते. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याची घडी पोटावर उजवीकडे काढून ठेवली होती, म्हणजे तात्पुरती इलिओस्टोमी. मग केमो: दर 21 दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि पुढे 14 दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. सलाईनने बोटांच्या नसा धरल्या, गोळ्यांनी तळहात सोलले. सलाईननंतरचे चार-पाच दिवस नळाचं गार पाणी लागलं तरी झिणझिण्या यायच्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटेना. या गोळ्यांनी बोटांचे ठसे पुसट होतात हे मला तिथे रांगेत उभी असताना कळलं.

सगळ्यात लागलं ते कात्रीचं. प्लेट म्हणजे पिशवीची कातडीला चिकटणारी चकती, आणि स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. प्लेटचं भोक स्टोम्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त झालं की पातळ शी कातडीवर येते आणि कातडी भाजल्यासारखी होते. तीस वर्षं गळे कापलेत मी, डोळे मिटून. आणि इथे एवढीशी गोल चकती कापताना कात्री हातातून सुटायची. दोन प्लेट वाया गेल्यावर सून म्हणाली, "आई, माप द्या, मी कापते." शिंप्याकडे येणारं गिऱ्हाईकच झाले मी! सुरुवातीचे सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून तोवर एका वेळी दोनच कापायचो. माप स्थिर झाल्यावर आठ-आठ कापून ठेवल्या. आधीच भोक पाडलेल्या प्लेटही मिळतात. माप जुळलं तर त्याच घ्या. चिकटपट्टीवरच्या कागदाचा एक कोपरा ती आधीच जरासा सोडवून दुमडून ठेवायची. तो चिमटीत धरायला मला पाच-पाच मिनिटं लागायची. दुमडलेला असला की दोन बोटांच्या बेचक्यात धरून ओढता यायचा.

बदलायची वेळ पहाटेची, चहाच्याही आधी. पोट रिकामं असतं तेव्हा स्टोमा जरा गप्प असतो. प्लेट दहा मिनिटं काखेत धरायची, म्हणजे ती ऊबदार होऊन नीट चिकटते. गाऊन वर खोचून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. परकराची नाडी मी कधीच काढून टाकली होती, इलॅस्टिक घातलं. आणि समोर आरसा. आरसा सांगण्याचं कारण असं की स्टोम्याला दुखत नाही, त्यात वेदनेच्या नसाच नसतात. इकडे बोटांनाही कळत नाही. नख लागलं तरी दोघांपैकी कुणी ओरडणार नाही. म्हणून नखं बारीक कापायची आणि हात काय करतोय ते डोळ्यांनी बघत राहायचं.

हे मी हळदीकुंकवाला शिकले. तेव्हा पिशवीच्या तोंडाला क्लिप होती. ती बसली की टक् होतं, ते बोटांना कळायचं. त्या दिवशी बोटांना कळलं असं वाटलं, एवढंच. वाण घ्यायला वाकले आणि साडीच्या निऱ्या ओल्या. जाऊबाईंनी काही न बोलता मला मागच्या दाराने नेलं. दुसऱ्या दिवशी वेल्क्रोच्या तोंडाची पिशवी मागवली. तीन घड्या घालायच्या आणि तळहाताने दाबायचं, चिमटीचं काम नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड झाली तर बधिर हातांना आवरत नाही.

मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण औषधाचा अंश शीमध्येही उतरतो. ओआरएसच्या पुड्याही कुणाकडून तरी कापून ठेवा. इलिओस्टोमीत पाणी भराभर जातं, आणि तहान लागली असताना पुडी दाताने फाडत बसणं फार चिडवतं. शी फारच पातळ, वारंवार होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एक चूक मात्र माझीच. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "बटण लागतं का?" मी हो म्हणायचे. औषध बंद करतील ही धास्ती. हूक तर सूनच लावत होती! चौथ्या वेळी तिनेच माझ्यादेखत सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत, डोस कमी केला. आधी सांगितलं असतं तर बोटं आज किती चालली असती, कोण जाणे. केमो संपल्यावरही दोन महिने बधिरपणा वाढतच होता, हेही तुमच्या आईंना सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील. सुईत दोरा अजून सूनच ओवते.

स्टोमा बंद झाला तेव्हा भोक न पाडलेल्या सहा प्लेट उरल्या होत्या. शेजारच्या गावातल्या एका बाईंना दिल्या. दुमडलेले कोपरे उलटसुलट बघून त्या म्हणाल्या, "वापरलेल्या नाहीत ना ओ ह्या?"