माझा अनुभव: १६० बीपीएमचा ट्रॅक व्हायनिलवर चढवताना

फुटवर्क, जंगल आणि टेक्नो या नृत्यसंगीताच्या तीन शैली एका ट्रॅकमध्ये बांधण्यात फारसं काही अडलं नाही. शिकागोचं फुटवर्क १६० बीपीएमवर (मिनिटाला १६० ठोके) चालतं, लंडनचं जंगल १६० ते १७० च्या आसपास, म्हणून टेम्पो १६० धरला. ‘आमेन’ ब्रेक, म्हणजे द विन्स्टन्सच्या ग्रेगरी कोलमनने १९६९ साली वाजवलेले ड्रमचे चार बार, मुळात साधारण १३७ वर आहे. तो स्ट्रेच न करता (म्हणजे सूर तोच ठेवून लांबी न बदलता) सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रात, नुसता वेगाने वाजवायचा. सूर जवळपास पावणेतीन सेमीटोन चढतो आणि स्नेअरचा करकरीतपणा त्यातूनच येतो. स्ट्रेच केलं की ठोक्याची धार जाते.

अडलं ते कटिंगला, म्हणजे मास्टर डिस्कवर खाच कोरताना. प्रेसिंग प्लांटचा एका ओळीचा मेल आला: लो-एंडमध्ये फेजची अडचण आहे, फाइल पुन्हा पाठवा (म्हणजे बासच्या आवाजात डाव्या-उजव्या चॅनेलच्या लाटा जुळत नाहीत). कितव्या मिनिटाला, कुठल्या साइडवर, किती हर्ट्झखाली, यातलं काहीच नाही. विचारावं, तर काम पुन्हा रांगेच्या शेवटी. इंजिनिअरसमोर मीटर असतो, टाइमकोड लिहायला अर्धा मिनिट लागत नाही. याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही ऑर्डर देतानाच लिहून घ्या की फाइल नाकारली तर टाइमकोड द्यायचा.

दोष रीस बासमध्ये होता. हा बास केव्हिन सॉन्डरसनच्या १९८८ च्या डेट्रॉइट रेकॉर्डवरून जंगलमध्ये आला, त्यामुळे अशा ट्रॅकमधून तो काढून टाकणं मला पटत नाही. दोन सॉ-वेव्ह (करवतीच्या दात्यांसारख्या लाटा) एकमेकींपासून किंचित बेसूर करून डावी-उजवीकडे पसरवल्या की रीस तयार होतो. दोन्ही चॅनेल एका फेजमध्ये असले की कटरची सुई आडवी हलते. उलट्या फेजमध्ये ती वर-खाली होते. ५० हर्ट्झला ही वर-खाली हालचाल मोठी असते, खाच कुठे फार खोल जाते, कुठे जवळजवळ नाहीशी होते आणि ऐकणाऱ्याची सुई तिथे उडते.

इंजिनिअर एलिप्टिकल फिल्टर लावून खालचा भाग मोनो (डावं-उजवं एकच) करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. ५० हर्ट्झच्या सुरावर रीसच्या त्या दोन सॉ-वेव्ह काढणारे ऑसिलेटर २० सेंटने (सेमीटोनच्या पाचव्या भागाने) लांब असले, तर मोनोमध्ये साधारण दर पावणेदोन सेकंदांनी ते एकमेकांना खातात आणि बास गायब होतो. उपाय मिक्समध्येच करावा लागतो. रीस १२० हर्ट्झखाली कापा आणि त्याच सुरात एक साधी साइन वेव्ह सब (सर्वांत खालचा बास) म्हणून मधोमध ठेवा. मग साइड चॅनेल (डाव्या-उजव्यातला फरक) एकटा ऐका. १२० हर्ट्झखाली तिथे शांतता हवी. हे केल्यावर फाइल पास झाली, आणि त्या दिवशी हायसं वाटलं.

ब्रेकचा स्वतःचा किकही (बास ड्रमचा ठोका) १२० हर्ट्झच्या खाली कापायचा, नाहीतर तो ८०८ या ड्रम मशीनच्या किकशी भांडतो. फुटवर्कच्या ३-३-२ रचनेत (किकमधली अंतरं पाव ठोक्यांत मोजलेली) सर्वांत जवळचे दोन किक १८७ मिलिसेकंदांवर येतात. ८०८ ची शेपूट त्याहून लांब असेल तर सॅम्पलर मोनो मोडवर (एका वेळी एकच आवाज) टाका, म्हणजे नवा किक जुन्याला तोडेल.

टेक्नो मी दर ठोक्याला पडणाऱ्या किकमधून घेत नाही. १६० वर तो सगळी मोकळी जागा खातो. प्रतिध्वनीत विरणारे डब कॉर्ड, सावकाश उघडणारा फिल्टर आणि ऑफबीट हॅट (ठोक्यांच्या मधे वाजणारी झांज) एवढं पुरतं. हॅट ८ ते १० किलोहर्ट्झला डी-एसरने (तीक्ष्ण आवाज दाबणारं साधन) आवरा आणि जास्त हॅटचा ट्रॅक साइडच्या सुरुवातीला ठेवा. आतल्या खाचांत वरचे आवाज फाटतात. १२ इंच, ४५ आरपीएमवर मोठा आवाज हवा असेल तर एका साइडला दहा मिनिटांच्या आत राहा. फाइल २४ बिट द्या, मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची कमाल पातळी दाबणारं साधन) काढून.

प्लांट सॅम्पलच्या हक्कांचा फॉर्मही मागतो, तो आधीच भरून ठेवा. आणि डीजेसाठी सुरुवातीचे ३२ बार सबशिवाय सोडा. १६० वर ते ४८ सेकंद होतात, मिक्स करायला तेवढे पुरतात.