ऐंशी गुंठे गवत आणि आप्पांचे तीन प्रश्न

आमच्याकडे ओहायोत एप्रिलच्या मध्याला गवत जागं होतं आणि मे उजाडला की भराभर वाढतं. एखादा आठवडा पाऊस लागला आणि कापणी चुकली, की पुढच्या वेळी यंत्राखालून हिरव्या गवताच्या ओल्या गुठळ्या पडतात आणि त्यांच्याखालचं गवत पिवळं पडतं. या भागात घर घेणाऱ्या दोन मराठी कुटुंबांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला: बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र कुठलं घ्यायचं? फोनवर दोनदा सांगून झालं. म्हणून आता नीट लिहून ठेवते.

आमची जागा कोलंबसच्या पूर्वेला, लिकिंग काउंटीत आहे. कोलंबस शहराकडची जमीन सपाट, पण आमच्या बाजूला टेकाडं सुरू होतात. जागा अडीच एकर, म्हणजे गावच्या हिशेबात शंभर गुंठे. घर, गाडीचा रस्ता, झाडं आणि मागचा ओढा सोडला तरी ऐंशी गुंठे गवत उरतं. माती चिकण. मी फलटण तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, त्यामुळे जमीन मोठी वाटली नाही. पण गवताकडे पीक म्हणून बघायला मला वेळ लागला.

पहिलं यंत्र २०१६ साली घेतलं, रस्त्याकडेला पाटी लावून ठेवलेलं, जुनं, ८०० डॉलरला. ४२ इंची डेक, १७ एचपी, रंग चकचकीत. डेक म्हणजे पोटाखालची ती लोखंडी थाळी, जिच्यात पाती फिरतात. मी इंजिन सुरू करून आवाज ऐकला, टायर दाबून बघितले, पैसे दिले. दोन उन्हाळे चाललं. २०१८ च्या जूनमध्ये मागच्या चढावर अर्ध्यात थांबलं. इंजिन व्यवस्थित चालू, पाती फिरताहेत, पण चाकं पुढे जाईनात. थोडा वेळ गार होऊ दिलं की परत दहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा त्याच चढावर थांबायचं.

तेव्हा माझे वडील, आप्पा, आमच्याकडे आलेले होते. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. पायरीवर बसून ते सगळं बघत होते. तिसऱ्यांदा यंत्र थांबलं तेव्हा उठून आले.

"गार असताना चढतंय, तापल्यावर चढत न्हाई. इंजिनाचं दुखणं न्हाई हे. खालच्या ऑइलनं दम सोडलाय. बदलायचं कुठनं?"

कुठूनच नाही, हे त्या दिवशी कळलं. या यंत्रांत बहुतेक हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स असतो. इंजिन एक पंप फिरवतं, पंप ऑइल दाबतो आणि त्या दाबाने चाकं फिरतात. म्हणून क्लच नाही, गिअर टाकणं नाही, पायाखालचं पेडल दाबलं की झालं. पण चढावर दाब वाढतो, ऑइल तापतं, पातळ होतं आणि जोर कमी होतो. स्वस्त यंत्रांत हा गिअरबॉक्स बंद डब्यासारखा असतो. त्याला ना ऑइल काढायचं बूच, ना फिल्टर. सपाट अर्ध्या एकरावर तो वर्षानुवर्षं चालेल. आमच्यासारख्या चढावर तो भाजून निघतो. मेकॅनिकने नवीन गिअरबॉक्सचा जो आकडा सांगितला तो मी यंत्राला मोजलेल्या पैशांहून जास्त होता.

नवीन घ्यायचं ठरल्यावर मी एचपी, इंच आणि किमती यांचा तक्ता केला. आप्पांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. त्यांचे तीनच प्रश्न होते. तुझा चढ किती? खालचा गिअरबॉक्स कसला? आणि बिघडल्यावर हात कोण लावणार, किती लांबून येणार? एचपी सगळ्यात शेवटी. आज सात वर्षांनी सांगते, प्रश्नांचा हा क्रमच बरोबर होता.

चढ आम्ही मोजला. गॅरेजमधली सहा फुटी फळी उतारावर ठेवली, तिच्यावर फोन ठेवला आणि फोनमधल्या लेव्हलने अंश वाचले. बहुतेक ठिकाणी सहा-सात, मागच्या चढावर १३ आणि ओढ्याकाठच्या पट्ट्यात १९. घरगुती यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये साधारणपणे १५ अंश ही मर्यादा दिलेली असते. त्यापुढे यंत्र कलंडतं, आणि त्याच्याखाली पाती फिरत असतात. म्हणून ओढ्याकाठचा पट्टा आम्ही कापणं कायमचं बंद केलं. तिथे आता मिल्कवीड वाढलंय आणि त्याच्या पानांवर मोनार्क फुलपाखरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या येतात. कुठलंही यंत्र बघायला जायच्या आधी हे मोजमाप करा. त्यात निम्मा निर्णय होऊन जातो.

चढावर चालवायचं कसं, यावरून माझा आणि आप्पांचा वाद झाला. आमच्या रानात नांगरट उताराला आडवी करायची, पाणी अडतं आणि माती वाहून जात नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. आप्पाही म्हणाले, आडवंच चालव. पण बसून चालवायचं यंत्र उतारावर आडवं नेलं तर कुशीवर उलटू शकतं. ते सरळ वर आणि सरळ खाली न्यायचं. ढकलत चालवायच्या मशीनचं याच्या उलट, ते आडवंच न्यायचं, नाहीतर पाय घसरून पात्याखाली जाईल किंवा मशीन अंगावर येईल. आप्पांनी पुस्तिकेतली चित्रं निरखून बघितली आणि मान्य केलं. "मातीचं येगळं, माणसाचं येगळं," एवढंच म्हणाले.

मग झिरो टर्न. दोन दांडे हातात, जागच्या जागी गर्रकन वळणारं. झाडांभोवती त्याच्या तोडीचं काही नाही, आणि वेगही जास्त. सपाट जागा आणि खूप झाडं असतील तर मी तेच घ्यायला सांगेन. पण त्याची पुढची दोन चाकं नुसती फिरती असतात, कपाटाच्या चाकांसारखी. वळणं आणि थांबणं सगळं मागच्या दोन चाकांवर. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की सुकाणूही गेलं आणि ब्रेकही गेला. दुकानदाराने आमच्या घरी आणून चालवायला दिलं होतं. मागच्या चढावरून खाली येताना, दव असताना, ते चार-पाच फूट आपलं आपण सरकलं. मी तिथेच ठरवलं, आपल्याला स्टिअरिंगवालं लॉन ट्रॅक्टर हवं. ज्यांच्या जागेत तळं आहे किंवा दगडी बांध आहे, त्यांनी तर झिरो टर्नचा विचार फार सावधपणे करावा.

डेक किती इंची, यावर लोक फार वेळ घालवतात. मी वहीत हिशेब केला. ताशी चार मैल वेग आणि वळणं, एकावर एक येणारे पट्टे धरून आमच्या दोन एकरांना ४२ इंची डेकने साधारण दीड तास, ४८ इंचीने सव्वा तासाच्या वर थोडं, आणि ५४ इंचीने त्यातली आठेक मिनिटं वाचतात. आठ मिनिटांसाठी मी कुंपणाचं फाटक रुंद करणार नव्हते. शिवाय जमीन उंचसखल असली की रुंद डेक उंचवट्यावरचं गवत मुळापासून खरवडतो. रुंदीपेक्षा डेकखाली हात घालून बघा. पाती ज्याच्यावर फिरतात त्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला, ग्रीस मारायला निपल आहे का? खाली बसून पाती काढता येतात का? थाळी किती खोल आहे? वसंतातल्या ओल्या गवताला उडायला जागा लागते, उथळ डेक चोंदतो.

इंजिनाबद्दल एवढंच म्हणेन, की एक सिलिंडर स्वस्त आणि दोन सिलिंडर शांत, कमी थरथरणारं. कावासाकी, कोहलर, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही नावं तुम्हाला वेगवेगळ्या रंगांच्या यंत्रांवर दिसतील, कारण रंग एका कंपनीचा आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचं असतं.

शेवटी दुकान. आम्ही तीन ठिकाणी गेलो. दोन मोठ्या साखळी दुकानांत यंत्रं रांगेने उभी होती आणि भाव कमी होता. पण बिघडल्यावर काय, या प्रश्नावर एका ठिकाणी फोन नंबर मिळाला आणि दुसऱ्या ठिकाणी कागद. तिसरं घरापासून अठरा मैलांवरचं शेतीअवजारांचं दुकान. आप्पा शोरूममध्ये थांबलेच नाहीत, थेट मागच्या शेडमध्ये गेले. तिथे सहा यंत्रं उघडी पडली होती आणि दोन माणसं काम करत होती. भिंतीवर पट्टे, पाती, फिल्टर टांगलेले. त्यांनी एका पट्ट्याकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "इचार, आपल्या मशीनचा हाय का ह्यात?" होता. मेकॅनिकने कुठल्या यंत्रांना वरचेवर उघडावं लागतं तेही सांगितलं आणि वर एक सल्ला दिला: सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करून घ्या, एप्रिलमध्ये सगळ्यांना एकदम आठवण येते आणि तीन-तीन आठवडे थांबावं लागतं. यंत्र घरून नेतात आणि आणून देतात.

तिथून आम्ही जॉन डिअरचं एक्स ३८० घेतलं. २२ एचपी, दोन सिलिंडर, ४८ इंची खोल डेक. वॉरंटी चार वर्षं किंवा ३०० तास, जे आधी भरेल ते. पुढे-मागे जायला दोन वेगळी पेडलं. आप्पांना तो हिरवा रंग ओळखीचा होता, त्यांचा रानातला ट्रॅक्टर पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यातून आलेला. पण त्यांनी रंग बघून होकार दिला नाही. आधी खाली वाकून मागच्या चाकांच्या मधला गिअरबॉक्स बघितला. किंमत पाच हजार डॉलरच्या वर गेली. ती टोचली. पण जुन्या यंत्रात गेलेले पैसे आणि वाया गेलेले शनिवार-रविवार धरले तर मी हेच पहिल्यांदा घ्यायला हवं होतं.

पहिल्या दिवशी एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. आप्पा सीटवर बसले आणि त्यांनी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मांडीवर घ्यायला हात पुढे केले. गावी आम्ही सगळी भावंडं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मोठी झालो. मी नाही म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, १६ वर्षांखालच्या मुलांनी बसायचं यंत्र चालवू नये आणि मुलांना सोबत कधीच बसवू नये असं सांगते. मांडीवर बसलेलं मूल सुटलं तर त्याच्या आणि पात्यांच्या मध्ये काही नसतं. आणि ज्या मुलाला एकदा चक्कर मारली, ते यंत्राचा आवाज ऐकला की धावत येतं, मागून, जिथे आपण बघत नसतो. रिव्हर्स घेताना पाती बंद पाडणारी सोय, सीटवरून उठल्यावर इंजिन थांबवणारा स्विच, हे कटकटीचे वाटतात म्हणून लोक तारा जोडून टाकतात. कृपा करून तसं करू नका. जुनं यंत्र घेत असाल तर पाती चालू ठेवून सीटवरून थोडं उठून बघा. इंजिन बंद पडलं नाही तर ते घेऊ नका.

यंत्र टिकतं ते मात्र सांभाळण्यावर. सुरुवातीचं ऑइल पुस्तिकेत सांगितलंय तेव्हा, मग दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा. पाती मी दर २५ तासांनी उतरवून धार लावते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसतात. उंची साडेतीन इंच, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. पंपावर १५ टक्केवालं स्वस्त मिळतं, ते या इंजिनांत घालायचं नाही. नोव्हेंबरात टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर टाकून पाच मिनिटं इंजिन चालवते, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं.

आणि पाऊस पडून गेल्यावर थांबायचं. इथले लोक गवत वाळलं का ते बघतात. मी माती बघते. चिकण माती ओली असताना एवढं वजन फिरवलं की चाकोऱ्या पडतात आणि जमीन घट्ट होते. टाच दाबून पाणी वर आलं नाही, मूठभर माती दाबली आणि ती सुटी झाली, की वाफसा आला. त्याला नेमका शब्द मला इंग्रजीत अजून सापडलेला नाही, म्हणून घरात आम्ही सगळे वाफसाच म्हणतो, मुलगीसुद्धा.

तासांच्या मीटरवर आज २९१ आहेत. एक पट्टा, पात्यांचे तीन संच आणि एक बॅटरी, एवढंच बदललं. चढावर अजून एकदाही थांबलेलं नाही. आप्पा आता ऐंशीला आलेत, पुन्हा एवढा प्रवास जमणार नाही. रविवारी फोन केला की आधी पाऊस विचारतात, मग नातीची शाळा, आणि मग मीटर किती झाला. काल २९१ म्हटल्यावर जरा थांबले.

"म्हंजी तीनशेला ऑइल. फिल्टर आणून ठेवलास का?"

आणलाय. गॅरेजमध्ये सीटवरच ठेवलाय. त्याचा फोटो काढून त्यांना पाठवला.