हंट व्हॅलीतून गावोगावच्या बातम्यांत : सिंक्लेअरचा विस्तार

अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या माध्यमांचा विषय निघाला की आपल्याकडे फॉक्स न्यूजवर बोलणं सुरू होतं आणि तिथेच संपतं. मला सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुप ही कंपनी जास्त समजून घेण्यासारखी वाटते. फॉक्स न्यूज लावणाऱ्याला आपण काय लावलंय ते ठाऊक असतं. सिंक्लेअरचं तसं नाही. सिएटलमध्ये कोमो, वॉशिंग्टनमध्ये डब्ल्यूजेएलए, बाल्टिमोरमध्ये डब्ल्यूबीएफएफ अशी तिची केंद्रं आहेत. पडद्यावर एबीसी, सीबीएस, एनबीसी किंवा फॉक्सचं बोधचिन्ह असतं आणि बातम्या सांगायला गावातले ओळखीचे चेहरे असतात. या शहरांत आपली कितीतरी मराठी घरं आहेत. हवामान आणि वाहतूक बघायला रोज हीच केंद्रं लावणाऱ्या अनेकांनी मालकाचं नाव ऐकलेलंही नसतं.

आधी तिथली रचना पाहू. एबीसी किंवा सीबीएस हे कार्यक्रम पुरवणारं जाळं. त्यांच्या स्वतःच्या मालकीची केंद्रं मोजक्या मोठ्या शहरांत असतात. देशाचे २१० टीव्ही-बाजार पाडलेले आहेत आणि बहुतेक ठिकाणी परवाना दुसऱ्याच कंपनीकडे असतो. रात्रीच्या मालिका आणि मोठे सामने जाळ्याकडून येतात, पण सकाळच्या, संध्याकाळच्या आणि रात्री ११च्या स्थानिक बातम्या केंद्राच्या स्वतःच्या. जाहिरातीचा मोठा पैसा तिथेच असतो, आणि लोकांचा विश्वासही तिथेच असतो. सिंक्लेअरने हा विश्वास केंद्रामागून केंद्र करत विकत घेतला.

सुरुवात साधी होती. ज्युलियन सिंक्लेअर स्मिथ हे विद्युत अभियंते. त्यांनी ११ एप्रिल १९७१ रोजी बाल्टिमोरमध्ये डब्ल्यूबीएफएफ हे ४५ क्रमांकाचं केंद्र सुरू केलं. हा क्रमांक यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारितेच्या लहरींच्या पट्ट्यातला. त्या काळी यूएचएफची लहर कमी अंतर जायची, घरात वेगळी गोल अँटेना लावावी लागायची आणि चित्रात मुंग्या दिसायच्या. म्हणून मोठ्या कंपन्या या परवान्यांकडे फिरकत नसत. १९८०च्या दशकात ज्युलियन यांच्या मुलांनी, मुख्यतः डेव्हिड स्मिथ यांनी, कारभार हाती घेतला. १९८६मध्ये कंपनीला ‘सिंक्लेअर’ हे नाव मिळालं.

खरी कल्पकता १९९१मध्ये पिट्सबर्गला दिसली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका बाजारात एका मालकाला एकच केंद्र ठेवता यायचं. सिंक्लेअरकडे तिथे डब्ल्यूपीटीटी होतं आणि तिला त्याहून मोठं डब्ल्यूपीजीएच हवं होतं. तिने मोठं घेतलं, लहान केंद्र तिथल्याच व्यवस्थापकाला विकलं आणि मग त्याच्याशी ‘लोकल मार्केटिंग अ‍ॅग्रीमेंट’ केला. परवाना त्याचा, कार्यक्रम आणि जाहिरात-विक्री सिंक्लेअरची. कागदावर दोन मालक, व्यवहारात एक.

या युक्तीचे भाग पुढे पक्के झाले. पहिला भाग म्हणजे परवाना एका छोट्या कंपनीच्या नावावर. धंद्यात तिला ‘साइडकार’ म्हणतात. दुसरा म्हणजे सामायिक सेवा करार, ज्यात इमारत, कॅमेरे, न्यूजरूम आणि तंत्रज्ञ मोठी कंपनी पुरवते. तिसरा म्हणजे जाहिरात-विक्रीचा संयुक्त करार. चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, तो केंद्र ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क. हा हक्क हातात असला की केंद्राची किंमत वाढल्याचा फायदा परवानाधारकाला मिळतच नाही. सिंक्लेअरच्या साइडकारचं नाव आधी ग्लेनकेर्न होतं, नंतर कनिंगहॅम झालं, आणि तिचं बहुतांश भांडवल स्मिथ बंधूंच्या आईकडे आणि कुटुंबाच्या न्यासांकडे होतं. २००१मध्ये एफसीसी या नियामक संस्थेने दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी ४० हजार डॉलर दंड केला. अब्जावधींच्या धंद्यात हा दंड किरकोळ ठरला आणि रचना तशीच चालू राहिली.

१९९५मध्ये शेअर बाजारात उतरताना कुटुंबाने दोन वर्गांचे शेअर ठेवले. लोकांच्या शेअरला एक मत, कुटुंबाच्या शेअरला दहा. पुढच्याच वर्षी रिव्हर सिटी ही कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलरला घेतली. खरेदी अशी कर्जावर चाले, आणि हप्ते भागवायला नवा स्रोत हवा होता. १९९२च्या केबल कायद्याने तो दिला होता. दर तीन वर्षांनी केंद्र केबल कंपनीला सांगू शकतं की एकतर आम्हाला फुकट दाखवणं तुम्हाला बंधनकारक, नाहीतर परवानगीचे दरमहा दर ग्राहकामागे पैसे मोजा. पैसे मागितले आणि बोलणी फिसकटली की केंद्र केबलवरून काढून घ्यायचं. सिंक्लेअरने हे हत्यार इतरांआधी परजलं. २००७च्या सुरुवातीला मीडियाकॉम केबलवरची केंद्रं तिने काढून घेतली. २०१५मध्ये डिश या उपग्रह कंपनीवरून एकाच वेळी १२९ केंद्रं गेली. जितकी केंद्रं जास्त, तितका दर चढा. म्हणून आणखी केंद्रं, म्हणून आणखी कर्ज. हे चक्र ध्यानात घेतलं की कंपनीची पुढची बहुतेक पावलं समजतात.

राजकारण यात कुठे आलं? ११ सप्टेंबर २००१नंतर काही केंद्रांच्या निवेदकांना राष्ट्राध्यक्ष बुश यांना पाठिंबा दर्शवणारं निवेदन वाचायला लावलं गेलं. पाठोपाठ ‘न्यूज सेंट्रल’ आलं. देशाच्या बातम्या आणि काही ठिकाणचं हवामानही मेरीलँडमधल्या हंट व्हॅलीच्या मुख्यालयातून जायचं आणि मध्ये स्थानिक बातम्या जोडल्या जायच्या. यात खर्च वाचला, पण प्रेक्षक टिकले नाहीत आणि २००६मध्ये ते बंद पडलं. एप्रिल २००४मध्ये एबीसीच्या एका कार्यक्रमात इराकमध्ये मारल्या गेलेल्या ७००हून अधिक सैनिकांची नावं वाचली जाणार होती. सिंक्लेअरने आपल्या एबीसी केंद्रांवर तो दाखवला नाही. त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर बुश यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार जॉन केरी यांच्या विरोधातला माहितीपट ६२ केंद्रांवर दाखवायचं ठरलं. जाहिरातदार मागे हटले, शेअर कोसळला, वॉशिंग्टन कार्यालयाच्या प्रमुखाने उघड विरोध केला म्हणून त्याला काढलं गेलं, आणि शेवटी पूर्ण माहितीपट दाखवण्याचा बेत सोडावा लागला.

पुढची पद्धत जास्त शांत आणि म्हणून जास्त परिणामकारक होती. धंद्यातलं तिचं नाव ‘मस्ट-रन’. मुख्यालयातून एक-दोन मिनिटांचे तयार तुकडे येतात; निर्मात्याने ते बातम्यांच्या क्रमात बसवायचेच. वेळ कमी पडला तर नगरपालिकेची किंवा शाळेची बातमी कापली जाते, कारण मस्ट-रन कापायची मुभा नसते. २०१५मध्ये यात दहशतवादाच्या बातम्यांचं ‘टेररिझम अ‍ॅलर्ट डेस्क’ आलं. २०१७मध्ये ट्रम्प यांच्या प्रशासनातून आलेले बोरिस एपश्टाइन यांचं भाष्य आठवड्याला नऊ वेळा दाखवणं सक्तीचं झालं. ग्रेगरी मार्टिन आणि जोशुआ मॅक्रेन या अभ्यासकांनी २०१७मध्ये सिंक्लेअरने घेतलेली केंद्रं तपासली. त्यांना आढळलं की मालक बदलल्यावर स्थानिक बातम्या घटल्या, देशपातळीवरचं राजकारण वाढलं आणि सूर उजवीकडे सरकला. त्याच शहरांतल्या इतर केंद्रांच्या तुलनेत प्रेक्षकही थोडे कमी झाले. म्हणजे हे बदल प्रेक्षकांच्या मागणीवरून झाले नव्हते. ही नोंद मला फार मोलाची वाटते.

मार्च २०१८मध्ये सगळ्या केंद्रांना खोट्या बातम्यांविरुद्धचं एक निवेदन पाठवलं गेलं. मजकूर एकच, केंद्राचं आणि निवेदकाचं नाव घालायला मोकळी जागा. डेडस्पिन या संकेतस्थळाने डझनावारी केंद्रांची चित्रफीत एकत्र जोडली, आणि ‘हे आपल्या लोकशाहीसाठी अत्यंत धोकादायक आहे’ हे वाक्य असंख्य तोंडांतून एकाच वेळी ऐकू आलं. निवेदकांनी नकार का दिला नाही, हे विचारणाऱ्यांनी त्यांचे नोकरीचे करार पाहावेत. मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला भरपाई आणि ठरावीक काळ त्याच शहरात दुसरीकडे काम करायला बंदी, अशा अटी त्यांत होत्या. घरहप्ता चालू असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

याच सुमारास सर्वांत मोठा डाव चालू होता. मे २०१७मध्ये टीव्ही-केंद्रांचीच दुसरी मोठी कंपनी ट्रिब्यून मीडिया ३.९ अब्ज डॉलरला घेण्याचा करार झाला. त्यातून अमेरिकेतल्या ७२ टक्के घरांपर्यंत पोच मिळणार होती. कायद्याची मर्यादा ३९ टक्के. मग हिशोब कसा जुळणार? यूएचएफ केंद्राची पोच निम्मीच धरायची, अशी जुनी सवलत होती. तिचं कारण वर आलंच आहे, कमजोर लहर. २००९मध्ये प्रक्षेपण डिजिटल झाल्यावर यूएचएफच सरस ठरलं आणि ते कारण उरलं नाही. २०१६मध्ये ही सवलत रद्द झाली. एप्रिल २०१७मध्ये भारतीय वंशाचे अध्यक्ष अजित पै यांच्या एफसीसीने ती परत आणली.

तरीही काही केंद्रं विकणं भाग होतं, आणि गाडी अडली ती इथे. शिकागोचं डब्ल्यूजीएन अवघ्या ६ कोटी डॉलरला मेरीलँडमधल्या एका मोटारविक्रेत्याला द्यायचं ठरलं. तो डेव्हिड स्मिथ यांचा व्यावसायिक सहकारी होता, आणि केंद्र चालवणार सिंक्लेअरच. पिट्सबर्गची युक्ती देशातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! जुलै २०१८मध्ये पै यांच्याच आयोगाने एकमताने प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशाकडे पाठवलं. ९ ऑगस्टला ट्रिब्यूनने करार मोडला. मे २०२०मध्ये सिंक्लेअरने ४.८ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. एफसीसीने एखाद्या प्रसारकाला केलेला तोवरचा हा सर्वांत मोठा दंड.

मग कंपनी खेळांकडे वळली. २०१९मध्ये डिस्नेकडून २१ प्रादेशिक क्रीडावाहिन्या १०.६ अब्ज डॉलर मूल्यांकनाला घेतल्या. त्यासाठी ८ अब्जांहून अधिक कर्ज. अंदाज असा की स्थानिक संघाचे सामने असताना केबल कंपनी नाही म्हणणार नाही. पण लोक केबलच सोडत होते. डिशने या वाहिन्या सोडून दिल्या, संघांना द्यायची रक्कम मात्र कराराने पक्की होती. मार्च २०२३मध्ये डायमंड स्पोर्ट्स ही उपकंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तिच्याशीच झालेला दावा मिटवताना सिंक्लेअरला ४९.५ कोटी डॉलर मोजावे लागले.

या फटक्याची झळ स्थानिक बातम्यांना बसली. २०२३मध्ये ओहायोतलं टोलेडो आणि ओरेगनमधलं मेडफर्ड इथल्या केंद्रांच्या न्यूजरूम बंद झाल्या आणि त्या वेळात ‘द नॅशनल डेस्क’ हा सगळीकडे सारखा कार्यक्रम आला. ‘न्यूज सेंट्रल’चंच हे नवं रूप. सप्टेंबर २०२५मध्ये सिंक्लेअरने विनोदकार जिमी किमेल यांचा रात्रीचा कार्यक्रम आपल्या एबीसी केंद्रांवर थांबवला. एबीसीने तो परत सुरू केल्यावरही आणखी काही दिवस दाखवला नाही. नोव्हेंबरमध्ये स्क्रिप्स या प्रतिस्पर्धी कंपनीला शेअरमागे ७ डॉलरचा प्रस्ताव दिला, तो डिसेंबरमध्ये फेटाळला गेला.

तिकडे राहणाऱ्यांना आपल्या केंद्राचा मालक शोधायचा असेल तर पडद्यावर शोधू नका. दर तासाला केंद्राला आपलं सांकेतिक नाव आणि शहर दाखवावं लागतं, मालकाचं नाव नव्हे. ते सांकेतिक नाव एफसीसीच्या ऑनलाइन सार्वजनिक फायलींत टाका. मालकीचा अहवाल तिथे असतो. पण परवानाधारकाचं नाव अनोळखी निघालं तर तिथे थांबू नका. त्याच फायलीतले सामायिक सेवा आणि जाहिरात-विक्रीचे करार उघडा. केंद्र खरोखर कोण चालवतं ते त्या पानांवर लिहिलेलं असतं.