बत्तीस पोरी आणि केक
आज तापामुळे ऑफिसला दांडी, पडल्या पडल्या कॅमफेडबद्दल, म्हणजे आफ्रिकेतल्या मुलींना शिकायला मदत करणाऱ्या संस्थेबद्दल, वाचत बसले. ॲन कॉटन नावाची बाई १९९१ ला झिम्बाब्वेतल्या मोला गावी गेली, मुली शाळेत का नाहीत ते बघायला. सगळे म्हणायचे तिथली रीतच तशी, पण निघालं काय तर पैसे! एकाचीच फी परवडणार तर मुलाचीच भरणार ना. मग हिने केंब्रिजच्या बाजारात केक विकले नि १९९३ ला ३२ मुलींपासून सुरुवात केली. आणि भारी म्हणजे त्या पहिल्या मुलींतलीच अँजेलिन मुरिमिर्वा पुढे संस्थेची सीईओ झाली!!

आमच्या आत्याची शाळा सातवीत सुटली, माझ्या बाबांच्या शिक्षणासाठी. संध्याकाळी तिला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणते, केक कसला होता गं?