लेपाची गोळी आणि रायफलची नळी

मोलीचा (मोलिब्डेनम डायसल्फाइड या घसरड्या भुकटीचा) लेप दिलेल्या गोळ्या वापरल्या की नळी दुप्पट टिकते, असं रेंजवर ऐकू येतं. ते खरं नाही. नळी घासून झिजते त्याआधी ती जळते. काडतूस बसतं ते चेंबर संपून नळीतल्या पिळदार खाचा, म्हणजे रायफलिंग, सुरू होतात, त्या थ्रोटपाशी बंदुकीच्या दारूच्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. काम मिलिसेकंदांचं, पण दर फैरीला पोलादाचा वरचा थर तापून गार होतो आणि उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या कडेचा गाळ तडकतो तशा भेगा पडतात. मग कडा झडतात, थ्रोट पुढे सरकतो, नेम पसरतो. गोळी कितीही गुळगुळीत असली तरी तो वायू तेवढाच गरम असतो.

लेपाने घर्षण कमी होतं, हे मात्र खरं. त्यामुळे दाब आणि वेगही उतरतो. वेग परत मिळवायला दारू वाढवली की उष्णताही वाढते. वाचवलेलं तिथेच खर्च होतं.

देवळालीच्या तोफखाना शाळेमुळे तोफा नाशिकला नव्या नाहीत. मोठ्या तोफांच्या चार्जमध्ये, म्हणजे दारूच्या भरणीत, टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेणाचं मिश्रण घालतात. त्याने नळीचं आयुष्य खरंच वाढतं, कारण ते भिंतीलगतचा वायूचा थर थंड ठेवतं. घसरडेपणाचा तिथे संबंध नाही.

मग लेप कशाला? गोळीच्या कवचातल्या तांब्याचा थर नळीत कमी बसतो, दोन साफसफायांमधलं अंतर वाढतं. पण मोली कार्बनसोबत थ्रोटपुढे कडक कडं धरतं. तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट त्याला हात लावत नाही. कार्बन काढणारं द्रावण आणि ब्राँझचा ब्रश लागतो. जूननंतरच्या दमट हवेत मोलीखाली ओल अडकली तर आम्ल तयार होऊन गंज धरतो. लेपच हवा असेल तर हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड बरं: पांढरं, हात काळे करत नाही, उष्णताही जास्त सोसतं. लेपाच्या आणि साध्या गोळ्या आलटून पालटून वापरू नका; प्रत्येक बदलानंतर पहिल्या काही फैरी भरकटतात.

पॉइंट टू-टूला, म्हणजे .२२ बोअरच्या छोट्या रायफलला, या खर्चाची गरज नाही. शिशाच्या गोळीवर मेण असतंच, दारूही चिमूटभर. एअर रायफलमध्ये तर दारूच नाही. तिथे नळ्या बिघडतात त्या बहुतेक चुकीच्या साफसफाईने: तोंडाकडून सळई घातली की क्राउनची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड घासते. सळई मधोमध धरणारी नळी, म्हणजे बोअर गाइड, लावून मागून घाला, एकाच दिशेने.

मोठ्या बोअरच्या रायफलला पाच फैरींनंतर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडून ठेवा. नळी हाताला सोसवेल इतकी निवली की पुढची फैर.